लायसन कोणाचे, काम कोणाचे?

साथींनो, रेल्वे क्वार्टर्सचे बांधकाम निघाले की आम्ही आधी दोन कागद मागतो : वर्क ऑर्डर आणि कंत्राटदाराचे लायसन. दोन्हींवर नाव एकच हवे. पुष्कळदा ऑर्डर एकाची, लायसन दुसऱ्याचे आणि हजेरी घेणारा मुकादम तिसऱ्याचाच! मजुरी थकली की लायसनवाला म्हणतो, ही माझी माणसे नव्हेत.

कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे इथे रेल्वेने द्यायची, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. २०२० च्या संहितेतही ती जबाबदारी राहिली आहे. पण मजूर कोणाच्या हजेरीवर होता, हे दाखवावे लागते. म्हणून शाखांनी लायसनचा नंबर, मुदत आणि मंजूर मजूरसंख्या पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवावी. नावे जुळली नाहीत तर कंत्राटदाराचे बिल निघण्याआधी लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.