ग्रंथालयाच्या कचेरीतील संगणकजाळे



शंभरी गाठलेल्या ग्रंथालयातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर कोणी दुर्मिळ ग्रंथाकडे बोट दाखवील, कोणी मासिकांच्या जुन्या बांधीव खंडांकडे. ग्रंथपाल मात्र दाखल नोंदवही पुढे ठेवील. ज्या पुस्तकाची नोंद नाही, ते कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. ग्रंथालयाच्या कचेरीत संगणकजाळे उभारणे म्हणजे ही एकच वही सर्व टेबलांवर एकाच वेळी उघडी ठेवणे होय.

संगणक आले, पण ते जोडलेच नाहीत, तर वह्या वाढतात. देवघेवीच्या टेबलावर एक यादी, दाखल विभागात दुसरी, हिशेबनिसाकडे सभासदांची तिसरी. पुस्तक वाचकाच्या घरी असते आणि दुसऱ्या यादीत ते कपाटातच राहते. साधने वाटून वापरण्याच्या अशाच गरजेतून १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली. अनेक संगणकांना एकच लेसर मुद्रणयंत्र वापरता यावे, हा त्यामागील एक हेतू होता.

लहान कचेरीला लागणारी सामग्री फार नाही. मध्यभागी एक स्विच आणि तेथून प्रत्येक टेबलापर्यंत एक केबल. केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. या पिळामुळे बाहेरील विद्युत व्यत्ययाचा उपद्रव कमी होतो. एका केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी आणि ती विजेच्या तारांपासून दूर न्यावी. बिनतारी जोडणी सोयीची खरी. पण जुन्या वास्तूच्या जाड भिंती आणि लोखंडी कपाटांच्या रांगा यांपुढे तिचे बळ ओसरते. वाचकांसाठी ती द्यावयाची असल्यास कचेरीच्या जाळ्यापासून वेगळी ठेवावी. नोंदी ज्या संगणकात राहतात त्याचा जाळ्यातील पत्ता कायमचा ठरवून द्यावा आणि त्याला यूपीएसची जोड असावी.

हे काम जाणता तंत्रज्ञ थोड्या दिवसांत उरकतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. एका टेबलावर ‘गडकरी, राम गणेश’, दुसऱ्यावर ‘रा. ग. गडकरी’ आणि तिसऱ्यावर ‘गोविंदाग्रज’ असे लिहिले गेले, तर उत्तम जाळ्यातही एका लेखकाचे तीन लेखक होतात. मुख्य नोंद कोणत्या नावाने करावयाची आणि इतर नावांवरून तिकडे कसे वळवावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

लिपीचेही तसेच. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविणारे फॉन्ट वापरले गेले. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसला की शीर्षकाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. म्हणून अशा जुन्या याद्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून त्या मूळ वहीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

आज्ञावलीसाठी फार खर्च करावा लागतोच असे नाही. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी १९९९ साली तयार झाली. जुनी यंत्रणा २००० सालाची तारीख पेलणार नव्हती, ही त्या ग्रंथालयांची अडचण होती.

दररोज सायंकाळी नोंदींची प्रत काढावी, एक प्रत वास्तूबाहेर ठेवावी आणि ती पुन्हा उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. दाखल नोंदवही मात्र रद्दीत जाऊ नये. शंका उपस्थित झाली की शेवटचा शब्द तिचाच.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पाचवे सांगते की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढत्या संस्थेला दात्यांचा हात लागतो. संगणकावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते. धूळ झटकून एकेक पुस्तक वहीशी ताडणाऱ्या आणि त्याची नोंद करणाऱ्या माणसाच्या कामावर ती लावता येत नाही. शताब्दीच्या निधीतला एक वाटा या पट्टी नसलेल्या कामासाठी राखून ठेवला जावा, एवढीच या प्रसंगी आश्रयदात्यांना विनंती.