बाप्तिस्म्यानंतरचा ऋणानुबंध



धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मात्र बहुतेक चर्चा बाप्तिस्म्याच्या दिवसापाशी येऊन थांबते. आमिष होते की अंतःप्रेरणा होती, एवढाच वाद रंगतो. त्या दिवसानंतर जे चाळीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरते, त्यात नवख्रिस्ती माणूस आणि मिशनरी यांच्यात जे नाते जुळते, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक खरा प्रश्न तिथेच आहे. हे नाते इतके चिवट का असते? ते कशाने बांधले जाते? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने याची उत्तरे देऊन ठेवली आहेत.

आरंभ १८४३ सालापासून करावा लागेल. मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला गेला होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचा ताबा त्यांना मिळाला. न्यायालयाने मुलगा घरी पाठविला, पण समाजाने त्याला घरात घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे म्हणून पुढे सरसावले. सनातन पक्षाने त्याविरुद्ध रण माजविले. मिशनऱ्यांशी झुंजून मुलगा परत आणला आणि त्याच्यासाठी दार उघडायची वेळ आली तेव्हा आपल्यातच दुफळी माजली! थोरला नारायण मात्र मिशनमध्येच राहिला, धर्मोपदेशक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली.

ज्याच्यामागे घराचे दार बंद होते, त्याला समोरचे एकच दार उरते. नात्याचा पहिला धागा असा विणला जातो. माता-पिता, भाऊबंद, गाव, पंगत हे सारे एका दिवसात तुटते आणि त्या सर्वांची जागा एकटा मिशनरी घेतो. तोच गुरू, तोच पालक, पुष्कळदा तोच अन्नदाता.

पण म्हणून हे नाते केवळ मिंधेपणाचे असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांतच पतीही गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन ती पुण्यास आली, १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

तेथील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. निराधार मायलेकींना मिळालेला तो आधार खरा होता, ती मायाही खरी होती. तरीही दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच त्या पत्रांत ठिणग्या उडू लागल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी ते जुमानले नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. चर्चने सांगितले म्हणून एखादे तत्त्व मानायचे, हेही त्यांना मान्य नव्हते. एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून उतरविले ते दुसरे चढविण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. आजीबाईंना लेकीच्या वाढीपेक्षा तिची आज्ञाधारकता अधिक मोलाची वाटत होती. स्वदेशी पुरोहित आणि परदेशी धर्मगुरू यांच्या भाषा वेगळ्या असतील, पण अधिकाराची हाव एकच होती. असे असूनही नाते तुटले नाही. भांडणाचा पत्रव्यवहार जेराल्डिन यांनी स्वतःच जपून संकलित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला.

रमाबाईंनी १८८९ मध्ये ‘शारदा सदन’ काढले तेव्हा रानडे, भांडारकर पाठीशी होते. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्याचा बोभाटा होऊन १८९३ मध्ये ते दूर झाले. आक्षेप निराधार नव्हता, कारण धर्मनिरपेक्षतेचे अभिवचन दिले गेले होते. पण त्याच सदनातील विधवा गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. केवळ आक्षेप न घेता पर्यायी आश्रम उभारण्याचे काम कर्व्यांनी १८९६ मध्ये केले. खरे उत्तर ते होते.

तिसरे उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मिशनशी जोडले गेले, पण त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही, मराठीपण सोडले नाही. अखेर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले ते विन्स्लो या मिशनऱ्याने. शिकवायला आलेला शिकून गेला!

या तिन्ही कथांचे सार काय? मिशनरी आणि धर्मांतरित यांच्यातील बंध दोन पदरांचा असतो. एक पदर कृतज्ञतेचा, दुसरा परावलंबनाचा. कृतज्ञतेच्या पदराला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. संकटात ज्याने हात दिला त्याला माणूस विसरत नाही आणि विसरू नये. परावलंबनाचा पदर मात्र आपण स्वतःही पिळत आणला आहे. धर्मांतरितास ‘बाटगा’ म्हणून हिणवावे आणि मग तो परक्यांचा झाला म्हणून हळहळावे, यात न्याय कोणता?

शिवछत्रपतींनी १६७६ मध्ये नेताजी पालकरांना परत घेतले. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातील गावड्यांसाठी दार उघडले. ही परंपरा आपलीच आहे. पण दार उघडणे एवढेच पुरेसे नसते. आत आल्यावर पाटावर बसविणारे कोणी लागते, दुखण्यात उशाशी बसणारे लागते, मुलांचे लग्न जुळविणारे लागते. वाँटेजची आजीबाई भांडली, पण पत्रे तिने जपली. तशी एक तरी आजी आपल्या आळीत आहे का, याचा शोध घेणे हे निषेधाच्या दहा ठरावांपेक्षा अवघड आहे. म्हणूनच ते अधिक आवश्यक आहे.