कायदा जेथे थांबतो

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मला 'कायदा आणि नीती' हा विषय देण्यात आला आहे. विषय भारदस्त आहे व थोर विचारवंतांनी त्यावर पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्या वादात मी शिरणार नाही. आपण गावोगावच्या शाळांत काम करणारी माणसे. आपला हजेरीपट, आपला फळा आणि आपली मुले यांच्या संदर्भात या विषयाचा काय अर्थ होतो, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. कायद्याला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दुबळ्याला कायद्यावाचून आधार नसतो. नामदार गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचे विधेयक १९११ साली मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. पुढे २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला व १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आला. आज वाडीवस्तीवरचे मूल शाळेत मागायला नव्हे, हक्काने येते, हे कायद्याचेच ऋण होय.

तथापि कायद्याचा हात कोठवर पोहोचतो, हेही आपण ओळखले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण मुलांना शिकवितो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे तेथे कोणी अस्पृश्य पाण्याला जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला प्राण आला. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, नगरपालिकेने ठरावही मागे घेतला आणि न्यायालयातला झगडा १९३७ पर्यंत चालला. ठराव लिहिणे एका दिवसाचे काम होते. माणसाचे मन उघडणे एका दिवसाचे काम नव्हते.

दुसरे उदाहरण पाहा. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची संमती १८५६ सालीच मिळाली होती. परंतु सदतीस वर्षांनंतर, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा कर्व्यांच्या बाजूचा होता, गाव नव्हते. अशा बहिष्काराला आळा घालणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात २०१६ साली संमत झाला व २०१७ पासून लागू झाला. मधल्या काळात जी माणसे ताठ उभी राहिली, ती स्वतःच्या विवेकाच्या बळावर. आणि १८४८ साली सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा मुलींना शिकवा असे सांगणारा कोणता कायदा होता? विवेकी माणूस कायद्याच्या पुढे चालतो. कायदा सावकाश मागून येतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एकच मूल दोन ठिकाणी मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. त्या पडताळणीत अनेक पटांवर नसलेली मुले आढळली. शासनाने तपासणी केली हे योग्यच झाले. पण शिक्षकाच्या लेखणीतील शाईवर विश्वास उरला नाही, म्हणून मुलाच्या बोटाला शाई लावावी लागली, ही गोष्ट आपल्या साऱ्या व्यवसायाने मनात ठेवण्याजोगी आहे. हजेरीपटावरील खूण ही शिक्षकाची साक्ष होय. गैरहजर मुलासमोर हजेरी मांडली की तांदळाचा हिशेब तर चुकतोच; पण त्याहून वाईट हे की ते मूल कोठे गेले, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या तोडीला गेलेले मूल कागदावर वर्गातच बसून राहते आणि फडावर त्याची चौकशी करायला कोणी जात नाही. सातवी-आठवीतील मुलगी आठ दिवस दिसली नाही, तर तिच्या लग्नाची बोलणी चालू असण्याचा संभव असतो. बालविवाह रोखणारा २००६ चा कायदा आहे, पण त्या कायद्याला ती मुलगी दिसत नाही. ती प्रथम दिसते वर्गशिक्षकाला, आणि तीही पट खरा असेल तरच.

दुसरी गोष्ट शिक्षेची. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. छडी बहुतेक शाळांतून गेली. जीभ मात्र शिल्लक आहे. "तुझ्या घरात कोण शिकले आहे म्हणून तू शिकणार?" या एका वाक्याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही. ते ऐकलेले मूल मात्र जन्मभर विसरत नाही.

तिसरी गोष्ट पंगतीची. अस्पृश्यता संविधानाने १९५० साली नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिला गुन्हा ठरविले. दुपारच्या आहाराच्या वेळी कोणते मूल कोणाशेजारी बसते, पाण्याच्या पिंपाला कोण हात लावते, हे पाहायला पोलीस येत नाही, येऊही नये. तेथे शिक्षकाने आपले ताट घेऊन पंगतीच्या टोकाला एकट्या बसलेल्या मुलाशेजारी बसावे. त्यासाठी वरून पत्र येण्याची वाट पाहू नये.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की, आमच्यावर आधीच माहितीच्या तक्त्यांचा भार आहे, निवडणूक व जनगणना आहे, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत. ही तक्रार खरी आहे व ती योग्य ठिकाणी मांडणे हा आपला हक्क आहे. परंतु जे आपल्या हाती नाही त्याची ढाल करून जे हाती आहे तेही सोडून देणे रास्त नव्हे. मी आपल्या शाळेत येतो तो वर्षातून मोजके दिवस. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २०० व सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामाचे ठरविले आहेत. त्यांतील बहुतेक दिवशी आपल्या कामावर देखरेख करणारे आपल्यावाचून कोणी नसते.

मुलांना हे कसे शिकवावे, याविषयी दोन शब्द सांगतो. भिंतीवरील सुविचार रोज बदलल्याने जबाबदारीची जाणीव येत नाही. वर्गातील पुस्तकांची पेटी कुलपाशिवाय ठेवून मुलांच्या हाती द्या. एखादे पुस्तक हरवले तर चोर शोधण्याऐवजी ती पेटी कोणाची, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा. सापडलेली पेन्सिल ठेवण्यास एक डबा करा. मोठ्या मुलांना वर्गाचे नियम त्यांचे त्यांना करू द्या आणि मग विचारा, "हा नियम नसता तर आपण काय केले असते?" या प्रश्नात आजचा सगळा विषय आला. आणि ज्या मुलाने आपण होऊन चूक कबूल केली, त्याला शिक्षा करू नका. नुकसान भरून काढण्याची वाट दाखवा. खरे बोलण्याची किंमत फार पडते असे एकदा ठसले, की मूल नियम पाळायला नव्हे, नियमातून निसटायला शिकते.

बंधू-भगिनींनो, पुढल्या सोमवारी परिपाठानंतर आपण हजेरी घ्याल, तेव्हा एवढेच करा. जे नाव घेतल्यावर उत्तर आले नाही, त्याच्यापुढे खरी खूण करा आणि संध्याकाळी घरी जाताना त्या घरावरून जा. अशा कामाची नोंद माझ्या शेऱ्यात कदाचित येणार नाही. तरी ते काम आपलेच आहे.