चला, मी दाखवतो



परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९४१ सालापासून कॅन्सरचे पेशंट येताहेत. माणूस यवतमाळचा असो की बिहारचा, पहिल्या दिवशी त्याला आजाराइतकीच धास्ती वाटते ती त्या गर्दीची. केसपेपर कुठे काढायचा, फाइल कुणाकडे द्यायची, काही म्हणजे काही कळत नाही. बरोबर आलेली बायको पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी. अशा वेळी जुन्या पेशंटचा कुणी नातेवाईक पुढे होतो. ‘ताई, बघू कागद. हे रक्ताच्या तपासणीचं. चला, मी दाखवतो,’ म्हणतो आणि बरोबर चालू लागतो. नुसतं बोट दाखवून तो मोकळा होत नाही. काम दहा मिनिटांचं, पण त्या बाईच्या जिवात जीव येतो. नवऱ्याने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही, हे तिला तेव्हा कुठे आठवतं.

‘काही लागलं तर सांगा हं,’ असं आपण सगळेच मनापासून म्हणतो. पण घाबरलेला, परक्या गावात आलेला गरीब माणूस सांगत नाही. त्याला मागायची लाज वाटते.

गाडगेबाबांना हे फार चांगलं उमगलं होतं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री तिथेच कीर्तन करायचं. गावाने बोलवावं, विनवावं, याची वाट त्यांनी पाहिली नाही. दमूनभागून आलेल्या गरिबाला पाठ टेकता यावी म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. केमोच्या तारखा महिनोन्महिने चालतात आणि मुंबईत भाड्याची खोली कुणाला परवडणार!

परळ-दादरच्या आसपास राहणाऱ्या श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बंगाली किंवा भोजपुरी येत असेल, तर आठवड्यातून एखादी सकाळ या लोकांसाठी काढा. फॉर्म भरून द्या, गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या लिपीत लिहून द्या. आणि बोलता बोलता नाव-गाव विचारा, घरी कोण कोण आहे ते विचारा. दिवसभर त्यांना नंबराने पुकारलेलं असतं.