दुष्काळांत सरकारचें देणें व आपलें देणें
(समितीच्या साधारण सभेंत केलेलें भाषण)



समितीचा अहवाल व जमाखर्च आपणांपुढें वाचला गेला आहे. त्यांतील आंकडे मी पुन्हा सांगत नाहीं. वर्गणीसाठीं पेढ्यापेढ्यांवरून फिरत असतां आमच्या सभासदांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागला: "आम्ही सरकारास कर देतों, मग उपाशी माणसास काम, अन्न व औषध देणें हें सरकारचेंच काम नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. तो विचारणारास कृपण म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचें उत्तर यथामति देण्याचें मी आज योजिलें आहे.

प्रथम १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे पाहूं. दख्खनेंत रयतवारीचा धारा रोख रकमेनें ठरलेला असे. पीक बुडालें म्हणून तो आपोआप उतरत नसे. दुष्काळी कामावरील मजुरास किती द्यावें हा वाद पडला, तेव्हां १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं धडधाकट पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर कांहीं पैसे पुरेत असें ठरविलें. एक पौंड म्हणजे अर्धा किलोहि नव्हे. आणि तेवढ्यावर दिवसभर माती व खडी वाहावयाची. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. मद्रासेंत आरोग्याधिकारी कॉर्निश ह्यांनीं एवढ्या अन्नावर कष्टकरी माणूस तग धरणार नाहीं असें निक्षून सांगितलें, आणि तेथें हें प्रमाण पुढें वाढवावें लागलें. तिजोरींत जी काटकसर झाली, तिची भरपाई माणसांच्या हाडांमासांतून झाली.

आतां व्यापारी मंडळींनीं विशेष लक्ष द्यावें. भावी दुष्काळांच्या निवारणार्थ दरसाल सुमारें दीड कोटि रुपयांची तरतूद करावी असें सरकारनें ठरविलें, आणि त्यासाठीं १८७८ सालीं मुंबई इलाख्यांत व्यापारधंद्यांवर लायसेन्स पट्टी बसविली. एप्रिल महिन्यांत सुरतेस तिच्याविरुद्ध दंगा झाला. त्याच वर्षीं अफगाणिस्थानचें युद्ध सुरू झालें, आणि दुष्काळाच्या त्या तरतुदीवर लवकरच गदा आली. कर राहिला, हेतु मात्र बाजूस पडला. देणाऱ्यानें दिलें, परंतु उपाशी माणसास त्या रकमेवर बोट ठेवून "ही माझी" असें म्हणण्याचा अधिकार कोणत्याच कायद्यानें दिला नव्हता.

१८८० सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल आला व त्यावरून प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम तयार झाले. सशक्तांस काम, अशक्तांस मोफत अन्न, आणि पीक बुडाल्यास धाऱ्याची तहकुबी किंवा सूट, असा त्यांचा आशय होता. पण नियम कचेरीच्या कपाटांत असणें निराळें, आणि रयतेच्या तोंडीं असणें निराळें. १८९६ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'तून व सार्वजनिक सभेच्या माणसांकरवीं हेच नियम गांवोगांव समजावून दिले. त्यांत नवें मागणें नव्हतें. सरकारनेंच लिहिलेलें सरकारास वाचून दाखविणें एवढेंच होतें. तरी १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली.

ह्याच्या उलट बाजू पाहावयाची तर १९७२ च्या दुष्काळाकडे वळावें. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसें होतीं. त्या वर्षांची सुकडी व मिलो ज्वारी आठवणारीं माणसें आजहि खेडोपाडीं भेटतात. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापति वि. स. पागे ह्यांनीं रोजगार हमीची कल्पना धरून ठेविली. १९७५ सालीं राज्यानें व्यवसाय कर बसविला. त्यांतून व इतर कांहीं करांतून जें उत्पन्न येईल तितकीच रक्कम राज्यानें आपली घालावी, असें ठरलें. १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला निदान एक रुपया भत्ता, आणि कामावर इजा झाल्यास मोफत औषधोपचार, हीं त्यांतील कलमें होतीं. पुढें २००५ सालीं देशाच्या संसदेनें ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, त्यामागें महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

१८७८ ची पट्टी आणि १९७५ चा कर, दोन्ही दुष्काळाच्या नांवानें कमावत्या माणसांकडून घेतले गेले. भेद इतकाच कीं, दुसऱ्या वेळीं घेणाऱ्याच्या हातींहि कायद्याचा कागद होता. म्हणून प्रश्नकर्त्यास माझें पहिलें उत्तर असें: होय, तें सरकारचेंच काम आहे, आणि तें करून घेणें हें करदात्याचें काम आहे.

परंतु उत्तर येथें संपत नाहीं. हक्काच्या कामास पंधरा दिवस लागतात, पोटास तितका धीर नसतो. काम सशक्तास मिळतें. म्हातारीस, बाळंतिणीस, तापकऱ्यास कुदळ उचलवत नाहीं. धाऱ्याची वा कर्जाची तहकुबी झाली तरी ती माफी नव्हे. पहिलें बरें पीक घरीं येतें न येतें तोंच मागील बाकी दारांत उभी राहते, हें येथील जमीनदारांस मीं सांगावयास नको.

सर्वांत मोठी उणीव औषधपाण्याची. दुष्काळांत माणसें केवळ उपासानें मरतात असें नव्हे. उपासानें खंगलेल्या देहास रोग नेतो. १९०० सालच्या उन्हाळ्यांत गुजराथेंत दुष्काळी कामांवर जमलेल्या गर्दींत पटकीनें अनर्थ केला. पाऊस पडल्यानंतर हिंवतापाची पाळी आली. शेत हिरवें दिसूं लागलें कीं कामें बंद होतात, वर्गण्या आटतात, आणि नेमक्या त्याच वेळीं घरोघरीं अंथरुणें पडतात. पीक हातीं येण्यास अजून दोन महिने असतात. ही खिंड सरकारी नियमांनीं पुरती बुजत नाहीं. ती आपल्या वर्गणीनें बुजवावयाची आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, व्यापारी व कारखानदार बंधूंनीं नोकरांच्या पगारांतून कापलेला कर वेळेवर भरावा, आणि त्याचा विनियोग काय झाला हें निर्भयपणें विचारावें. दुसरी, ज्यांच्या पदरीं लिहिणारे कारकून आहेत त्यांनीं आठवड्यांतून एक दिवस तरी त्यांस गांवांत पाठवावें. काम मागणारांचे अर्ज लिहून द्यावे व त्यांची तारखेसह पोंच घ्यावी. अशा कायद्यांत दिवस मोजले जातात ते अर्जापासून. अर्ज नाहीं त्याची भूक सरकारदरबारीं नोंदत नाहीं. तिसरी, आपण जी रक्कम द्याल तिचा एक तृतीयांश ज्येष्ठांत खर्च न करतां भाद्रपद-आश्विनासाठीं औषध, दूध व डाळीकरितां राखून ठेवण्याची समितीस परवानगी द्यावी.

सद्गृहस्थहो, कराच्या पावतीनें आपलें एक देणें फिटतें. ज्या घरीं सरकारचा हात पोंचण्यापूर्वीं ताप पोंचतो, त्या घराचें देणें शिल्लक राहतें. तें देण्याची शक्ति ईश्वरानें आपणांस दिली आहे; बुद्धीहि देवो, एवढें बोलून मी आपली रजा घेतों.