लढाईतलं दूध आणि खेड्यातला भाव

धारा काढून, डेअरीला दूध घालून झालं असेल. आज आम्ही दुधाचंच बोलणार आहोत, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या.

दुसऱ्या महायुद्धात धान्य रेशनवर मिळायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं आहे. काही ठिकाणी दुधाचाही ताबा सरकारने घेतला. विलायतेत जुलै १९४० पासून गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि पाच वर्षांखालचं पोर यांना रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध स्वस्तात मिळू लागलं. गरिबाला फुकट. बाकीच्या मोठ्या माणसांना आठवड्याला तीनच पिंट, कधी दोनच. आधी आईचं आणि लेकराचं, मग चहाचं! हा क्रम आम्हाला फार आवडला. शिवाय तिथे शेतकऱ्यांचं दूध विकायला १९३३ पासून त्यांचं स्वतःचं मंडळ होतं.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत माणसं वाढली आणि शहरातल्या तबेल्यांचं दूध पुरेना. तेव्हा मुंबई सरकारने १९४५ मध्ये गुजरातेतल्या आणंदहून, चारशे किलोमीटरवरून, रेल्वेने दूध आणायची योजना काढली. शहराच्या दृष्टीने चांगलीच. पण खेड्यातलं दूध घ्यायचा मक्ता दिला पोलसन या एकाच कंपनीला. (हिचं लोणी इतकं गाजलेलं, की मस्का मारण्यालाच लोक ‘पोलसन लावणं’ म्हणत.) कंपनीचा दर सरकारशी ठरलेला, दलालांचा कंपनीशी. म्हैस पाळणाऱ्याचा दर मात्र कुणाशीच ठरलेला नव्हता. दलाल देईल तो घ्यायचा. दूध काही ज्वारीसारखं कणगीत भरून ठेवता येत नाही. सकाळचं संध्याकाळी नासतं, म्हणून अडलेला नेहमी आपणच.

खेडा जिल्ह्यातले शेतकरी गाऱ्हाणं घेऊन वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांनी सांगितलं, तुमची स्वतःची सहकारी संस्था काढा; सरकार ऐकत नसेल तर दूध द्यायचं बंद करा. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि तसं ठरलं. मग पंधरा दिवस दूध घालणं बंद. पंधरा दिवस! म्हैस तर रोज पिळावीच लागते, पेंड रोज घालावीच लागते, आणि हातात पैसा नाही. ज्या घरात मीठ-मिरची दुधाच्या पैशावर येते, तिथे बायांनी ते दिवस कसे काढले असतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सभेतल्या पुढाऱ्यांची नावं राहिली, या बायांची कुठे सापडत नाहीत.

सरकारला नमावं लागलं. त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्ह्याचा दूध संघ नोंदवला गेला. तोच पुढे अमूल. १९४८ मध्ये मुंबईला दूध पाठवायला सुरुवात झाली तेव्हा गावच्या संस्था दोनच होत्या, आणि दूध रोजचं जेमतेम अडीचशे लिटर.

तिथल्या गावसंस्थांची एक रीत आम्हाला घेण्यासारखी वाटते: दूध सगळ्यांसमोर मापायचं, फॅट तपासायचं, आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात. आपल्याकडे फॅटचा आकडा पावतीवर येतो, पण बिल कुणाच्या नावावर निघतं? या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरची दुधाची पावती घेऊन यावी. नाव कुणाचं आहे ते आधी बघू, मग फॅटचं बोलू.