शेवटची पंगत आणि आपल्या हिरड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु जे कित्येक वर्षे पदराआड लपवले, ते आज तुमच्यापुढे सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या हिरड्यांतून रक्त येई. दात घासले की चूळ लाल होई. तोंडाला वास येई, म्हणून चारचौघींत पदर तोंडाशी धरून बोलत असे. कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे बाळंतपणाचा दोष. एकीने गुडाखू लावायला दिला. तंबाखू आणि गुळाचा तो लगदा! दुखणे घटकाभर बधिर होई, पण व्यसन मात्र दोन वर्षे जडले. रक्ताच्या भीतीने मी दात घासणेच कमी केले. अखेर एक दाढ काढावी लागली.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुमच्या ताटात काय असते?"

मी म्हटले, "घरात सर्वांना असते तेच."

"घरातले नव्हे, तुमच्या ताटातले सांगा."

मी गप्प झाले. आपला हा झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. भाताला तोटा नाही. पण सर्वांची जेवणे उरकून मी बसे, तेव्हा भाजीची कढई रिकामी असे. ती भाताने पुसून घ्यायची, झाले जेवण.

बाईंनी मला समजावले. हिरड्यांतून रक्त येण्याचे मुख्य कारण दातांवर साचणारा मळ. रक्त येते म्हणून घासणे सोडले, तर दुखणे वाढतेच. मऊ ब्रशाने दोन वेळा घासावेच. पण हिरडीचे मांस ज्या धाग्यांनी घट्ट राहते, ते धागे तयार व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते शरीरात तयार होत नाही, रोज अन्नातूनच यावे लागते. बाईला दिवसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम, तर अंगावर पाजणारीला ११५.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरील डॉक्टराने हिरड्या सुजून सडलेल्या बारा खलाशांना दोघादोघांत वाटून निरनिराळे उपाय दिले. संत्री व लिंबे ज्या दोघांना मिळाली, तेच झपाट्याने सुधारले. त्यांना फळे दूरदेशाहून आणावी लागत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तर आवळा झाडाखाली पडून असतो! एका मध्यम आवळ्यात दिवसाची गरज भागते. जांबही तसाच गुणाचा. मुनग्याचा पाला, तरोटा, अंबाडी या भाज्या आहेतच. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी, ते पाणी फेकू नये. वरून लिंबू पिळावे, कच्चा सांबार घालावा.

मी स्वयंपाक होताच माझी एक वाटी भाजी बाजूला काढू लागले. सासूबाईंना ते रुचले नाही. "आधी सुनेचे, मग घराचे?" असे त्या म्हणाल्या. मी उलट बोलले नाही, पण वाटी सोडली नाही. गुडाखूही सोडला. काही आठवड्यांत चूळ पांढरी झाली. सासूबाईंचे दात पन्नाशीतच गेलेले. एके दिवशी त्यांनीच मुलीला हाक मारली, "आईची वाटी काढली का गं?" तेव्हा मला भरून आले. त्यांची वाटी कधी कोणी काढली नव्हती.

एक इशारा देते. खर्रा घोटून खाणाऱ्याला आवळा वाचवू शकत नाही. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, पांढरा चट्टा दिसत असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. नीट घासूनही रक्त थांबत नसेल, तर साखरही तपासावी. गेलेली दाढ परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

भगिनींनो, कार्तिकात आवळीभोजनाला आपण झाडाखाली जमतो, सर्वांना वाढतो. यंदा परतताना प्रत्येकीने ओटीत चार आवळे स्वतःसाठी आणावेत. आणि घरी सून असेल, तर तिची वाटी आधी काढावी.